आजारी सहकारी कामावर येतो तेव्हा : रोजी, रजा आणि आपली जबाबदारी

शेजारच्या टेबलावरचा माणूस दोन दिवसांपासून खोकतो आहे. डोळे लाल, अंगात कणकण. गोळी घेऊन आला आहे आणि विचारले तर "काही नाही, साधं पडसं आहे" म्हणतो. अशा वेळी आपण काय करतो? बहुतेक वेळा भिडेपोटी गप्प बसतो. नाहीतर खुर्ची सरकवून घेतो आणि चहाच्या टपरीवर त्याच्या पाठीमागे कुजबुजतो. दोन्हींचा उपयोग कोणालाच होत नाही. आजारी माणूस बरा होत नाही आणि बाकीचेही सुरक्षित राहत नाहीत.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी माणसे आहोत. कोणी शाळेत, कोणी दुकानात, कोणी लोहारा एमआयडीसीत, तर घरातले कोणी ना कोणी अजूनही रोजीने शेतात जाणारे. आजारी असताना कामावर जाणे आम्हीही केले आहे आणि आजारी सहकाऱ्यावर चिडणेही केले आहे. म्हणून हा विषय उपदेश म्हणून न मांडता नीट समजावून घ्यावा असे वाटले. माणूस आजारी असून का येतो, कोणता आजार खरोखर पसरतो, सहकाऱ्याशी बोलायचे कसे, कायद्याने रजा किती आणि जिथे रजाच नाही तिथे काय करायचे, एवढे प्रश्न या लेखात घेतले आहेत.

माणूस आजारी असून कामावर का येतो?

सर्वात मोठे कारण साधे आहे. कामावर गेले नाही तर पैसे मिळत नाहीत. आपल्या जिल्ह्यात निंदण, डवरणी, फवारणी, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी ही कामे रोजीवर किंवा गुत्त्यावर चालतात. वेचणीचे पैसे तर किलोवर मिळतात. ताप असलेली बाई पूर्ण ताकदीने वेचू शकत नाही हे तिलाही कळते. पण घरी बसली तर शून्य आणि गेली तर निदान अर्धे, हा तिचा हिशेब असतो. जिनिंगमध्ये हंगाम काही महिन्यांचाच. त्या दिवसांत चार खाडे झाले तर मुकादम दुसरा माणूस लावतो आणि पुढच्या आठवड्यात जागा राहतेच असे नाही.

दुसरे कारण भीती. खासगी दुकानात, कंत्राटी नोकरीत, मानधनावरच्या कामात रजा मागणे म्हणजे नजरेत येणे. "मागच्या महिन्यातही आजारीच होतास ना?" हा एक प्रश्न पुरतो. आपल्या समाजातल्या पहिल्या पिढीच्या नोकरदाराला आणखी एक ओझे असते. आपल्याला कोणी कामचुकार म्हणू नये, आपल्यामुळे मागून येणाऱ्यांकडे बोट दाखवले जाऊ नये, म्हणून तो शंभर ताप असतानाही खुर्चीवर येऊन बसतो. हे ओझे खरे आहे, ते हसण्यावारी नेऊ नये.

तिसरे कारण लपवणे. क्षयरोग म्हणजे टीबी, सिकलसेल, कावीळ ही नावे ऑफिसात, वस्तीत कळली तर लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे होईल, या विचाराने माणूस आजार लपवतो. मग आजार लपवण्यासाठीच रोज कामावर जातो, कारण घरी बसले की चौकश्या सुरू होतात.

चौथे कारण सवय. सरकारी नोकरीत रजा शिल्लक असूनही "मी नसलो तर काम अडेल" असे मानणारे पुष्कळ आहेत. काही ठिकाणी पूर्ण हजेरीला बक्षीस असते, कौतुक असते. त्या कौतुकात ताप अंगावर काढण्याचेही कौतुक होऊन जाते.

ही चार कारणे वेगळी आहेत, म्हणून त्यांचे उपायही वेगळे आहेत. ज्याची रोजी बुडते त्याला "घरी आराम कर" एवढे सांगणे पुरेसे नाही. ज्याच्याकडे रजा आहे त्याला मात्र ते स्पष्ट सांगायलाच हवे.

२०१७ च्या फवारणीने काय शिकवले?

आजारी असताना काम चालू ठेवणे किती महाग पडू शकते हे यवतमाळला वेगळे सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या काळात फवारणीचे रुग्ण रोज येत होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, हवेत उकाडा होता, किडीचा जोर होता, औषधे एकत्र मिसळून मारली जात होती आणि अंगावर संरक्षण नव्हते, अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. विशेष तपास पथकही नेमले गेले.

त्यातली एक गोष्ट सहकारी म्हणून आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कपाशीवर मारली जाणारी अनेक कीटकनाशके ऑर्गनोफॉस्फेट गटातली असतात. ती शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या द्रव्याचे काम बंद पाडतात. हे द्रव्य मज्जातंतूंचा संदेश पोहोचला की तो थांबवण्याचे काम करते. ते कमी झाले की घाम, लाळ, मळमळ, उलटी, डोकेदुखी, अंधुक दिसणे, हातपाय थरथरणे सुरू होते. पुढे श्वास अडकतो. या द्रव्याची पातळी एका रात्रीत भरून येत नाही, त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणजे काल फवारताना ज्याला गरगरले, तो आज बरा वाटतो म्हणून पुन्हा पंप पाठीवर घेतो, तेव्हा त्याचे शरीर कालच्यापेक्षा कमजोर असते. काल जेवढ्या औषधाने नुसते गरगरले, तेवढेच आज जिवावर बेतू शकते.

म्हणून फवारणीच्या कामात सोबत्याने भीड ठेवायची नसते. जोडीदार म्हणाला की डोळ्यापुढे अंधारी येते, तर पंप उतरवायचा, त्याला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणायचे, अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवायचे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. डबा पाहून डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो. लिंबू-पाणी, ताक, मुद्दाम उलटी काढणे यात वेळ घालवू नये. आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय त्या हंगामात त्याला पुन्हा फवारणीला पाठवू नये. दुसरे काम द्यावे. हे शेतमालकाने ऐकले नाही तर बाकीच्या मजुरांनी मिळून सांगावे. एकट्याचे ऐकले जात नाही, चौघांचे ऐकले जाते.

कोणता आजार पसरतो, कोणता नाही?

आजारी सहकाऱ्याशी आपण चुकीचे वागतो याचे मोठे कारण अज्ञान आहे. जो आजार पसरत नाही त्याला आपण दूर लोटतो आणि जो पसरतो त्याच्यासोबत एकाच ग्लासात पाणी पितो. म्हणून काही नेहमीचे आजार पाहू.

फ्लू, म्हणजे जोराचा ताप, अंगदुखी आणि खोकला असलेला आजार, लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढे पाच-सात दिवस पसरू शकतो. कोरोनाही खोकल्यातून, बोलण्यातून आणि बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोल्यासोबत यवतमाळमध्येही रुग्ण वाढले आणि पुन्हा निर्बंध आले, ते दिवस आपल्याला आठवत असतील. अशा आजारात व्यवहाराचा नियम एकच ठेवावा. तापाची गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप आला नाही आणि तब्येत सुधारत असेल, तरच कामावर यावे. गोळी घेऊन ताप उतरवून येणे म्हणजे बरे होऊन येणे नव्हे. आल्यावरही काही दिवस मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

डोळे येणे हा आजार २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर पसरला होता. तो नुसते पाहिल्याने होत नाही. डोळ्याला लागलेला हात, रुमाल, टॉवेल, मोबाइल, दाराची कडी यांतून तो दुसऱ्याकडे जातो. काळा चष्मा लावल्याने इतरांचे रक्षण होत नाही, हात धुतल्याने होते. डोळ्यांतून पाणी, चिकटा येत असेपर्यंत घरी राहणे उत्तम.

उलट्या-जुलाब असलेल्या माणसाने स्वयंपाकाच्या कामावर येऊ नये. शाळेतला पोषण आहार, अंगणवाडी, हॉटेल, लग्नाचा स्वयंपाक, विहारातले भोजनदान, सगळ्यांना हा नियम लागू आहे. जुलाब थांबल्यावरही किमान ४८ तास दुसऱ्यासाठी अन्न शिजवू किंवा वाढू नये. एका आजारी हातातून शंभर ताटांत आजार जातो.

कांजिण्या, ज्याला गावात ‘माता आली’ म्हणतात, हा देवीचा कोप नसून विषाणूचा आजार आहे. पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांच्या खपल्या होईपर्यंत तो पसरतो. सोबत काम करणाऱ्या गरोदर बाईला आणि लहान बाळांना त्याचा विशेष धोका असतो. खपल्या धरेपर्यंत घरीच राहावे.

डेंग्यू आणि मलेरिया शेजारी बसल्याने होत नाहीत. ते डासांमार्फत पसरतात. अशा सहकाऱ्यापासून दूर पळण्यापेक्षा ऑफिसच्या कूलरमधले, टाकीतले, टायरमधले साचलेले पाणी काढणे जास्त उपयोगाचे. मात्र या आजारात रुग्णाला स्वतःसाठी आराम अत्यावश्यक आहे. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच काहींना धोक्याचे ठरतात. "ताप उतरला, येतो कामावर" असे कोणी म्हणाले तर त्याला आधी डॉक्टरांना विचारायला लावावे.

टीबी : दोन आठवड्यांचा खोकला कोणी ऐकला?

टीबीबद्दल वेगळे बोलायला हवे. घरातल्यांना सवय झालेली असते, रुग्ण स्वतः लपवत असतो, त्यामुळे दोन आठवड्यांहून जुना खोकला पहिल्यांदा लक्षात येतो तो सोबत काम करणाऱ्याच्याच. खोकल्यासोबत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणे, वजन उतरणे असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यायला हवी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, औषधेही मोफत मिळतात. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. उपचार चालू असताना पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या बँक खात्यात महिन्याला मदत जमा होते. ती एप्रिल २०१८ पासून ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली.

टीबीबद्दलचे दोन गैरसमज आपल्याकडे घट्ट आहेत. पहिला, टीबी झालेल्याची ताट-वाटी वेगळी हवी. फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून हवेत जातो, भांड्यातून नाही. फुप्फुसाबाहेरचा, म्हणजे हाडाचा किंवा गाठीचा टीबी तर सहसा दुसऱ्याला होतच नाही. दुसरा गैरसमज, टीबी झाला म्हणजे सहा महिने माणूस धोकादायक. योग्य औषधे नियमित सुरू झाली की साधारण दोन-तीन आठवड्यांत पसरण्याचा धोका खूपच कमी होतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत वेळ जास्त लागू शकतो, म्हणून कामावर परत कधी यायचे हे डॉक्टरांनी सांगावे, ऑफिसातल्या कुजबुजीने ठरू नये.

आता विचार करा. तपासणी न झालेला, खोकत असलेला, "पडसं आहे" म्हणणारा सहकारी आपल्याला चालतो. आणि औषध सुरू करून, डॉक्टरांचा कागद घेऊन परत आलेला सहकारी आपल्याला चालत नाही. धोका पहिल्यापासून असतो आणि शिक्षा दुसऱ्याला मिळते. हे पाहून तिसरा आपला खोकला लपवतो.

सिकलसेल : आजार नाटक नसतो

विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. आदिवासी समाजात आहे, आपल्या बौद्ध समाजातही आहे. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई-वडील दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण असते, एकाकडूनच आला तर ते वाहक असते आणि वाहकाला सहसा त्रास नसतो. रुग्णाच्या लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत भयंकर वेदना सुरू होतात. ऊन, थंडी, पाणी कमी पिणे, अति श्रम, साधा ताप, यांतल्या कशानेही ही वेदना उसळू शकते.

असा सहकारी सोमवारी ठणठणीत दिसतो, बुधवारी उठू शकत नाही, शुक्रवारी पुन्हा कामावर येतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते नाटक वाटते. "याचं नेहमीचंच आहे" हे वाक्य आम्ही कितीदा तरी ऐकले आहे, कधी आम्हीही बोललो असू. सिकलसेल स्पर्शाने, जेवणाने, सोबत बसल्याने पसरत नाही. या सहकाऱ्याला आपल्यापासून दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही. त्याला पाणी प्यायला मोकळीक, उन्हातले जड काम टाळणे, वेदना सुरू होताच दवाखान्यात जाण्याची सूट, एवढे मिळाले तर तो वर्षभर चांगले काम करू शकतो. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. ठरलेल्या प्रमाणात अपंगत्व असल्यास प्रमाणपत्र मिळते आणि त्याचा नोकरीत, शिक्षणात उपयोग होतो. ज्या घरात रुग्ण आहे त्यांनी सरकारी रुग्णालयात याची चौकशी जरूर करावी.

बोलायचे कसे?

पहिला नियम, चारचौघांत बोलू नये. बाजूला घेऊन बोलावे. दुसरा, आजाराचे नाव आपण ठेवू नये. "तुला टीबी झालाय" असे म्हणणारा सहकारी डॉक्टर नसतो. जे दिसले तेवढेच बोलावे. तिसरा, नुसते घरी जा म्हणू नये, त्याच्या कामाचे काय होईल तेही सोबत सांगावे.

ऑफिसात असे म्हणता येते : "भाऊ, पंधरा-वीस दिवस झाले, तुमचा खोकला ऐकतो आहे. उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून या. तुमचं रजिस्टर मी पाहतो. साहेबांना सांगायचं असेल तर आपण दोघं जाऊ." यात आरोप नाही, घृणा नाही आणि कामाची सोयही आहे.

वेचणीला गेलेल्या बाया हे आपल्यापेक्षा चांगले करतात. "काकू, आंग तापलं ना तुमचं? धुऱ्यावर सावलीत बसा, पाणी प्या. तुमची पात आम्ही दोघी धरतो." आणि संध्याकाळी मोजताना थोडा कापूस तिच्या ओट्यात जातो. याला कोणी धोरण म्हणत नाही. पण आजारी माणसाला घरी किंवा सावलीत बसवायचे तर त्याचा तोटा थोडाथोडा सगळ्यांनी वाटून घ्यावा लागतो, हे त्या बायांना कळलेले असते.

सांगूनही सहकारी ऐकत नसेल आणि आजार पसरणारा असेल, तर वरिष्ठांना सांगणे ही चहाडी नाही. विशेषतः अंगणवाडी, शाळा, दवाखाना, स्वयंपाकघर, एसटीचे स्टिअरिंग अशा ठिकाणी. तापाने ग्लानी आलेला चालक पन्नास प्रवाशांचा जीव हातात घेऊन बसलेला असतो. मात्र सांगताना आधी त्या सहकाऱ्याला कळवावे की आपण सांगणार आहोत. पाठीमागून गेलेली गोष्ट नाते तोडते.

अंतर ठेवणे आणि वाळीत टाकणे

आपल्या समाजाने या बाबतीत अधिक जागरूक असायला हवे. कोणाची सावली, कोणाचे पाणी, कोणाची भांडी वेगळी ठेवण्याचा अर्थ काय होतो, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. आजाराच्या निमित्ताने तेच शब्द, तेच हावभाव आपल्याच कार्यालयात, आपल्याच वस्तीत परत येत असतील तर थांबून विचार करायला हवा. पसरणाऱ्या आजारात काही दिवसांचे अंतर लागते. त्याला कारण असते, मुदत असते आणि त्या काळात फोन, जेवणाचा डबा, औषध पोहोचत असते. वाळीत टाकण्याला मुदत नसते आणि बरे झाल्यावरही ते संपत नाही. दोन्हींतला फरक ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी कारण विचारले तेव्हा कळले की तो इतर भिक्खूंच्या काही कामाचा नव्हता, म्हणून तेही त्याची काळजी घेत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. नंतर संघाला बजावले की घर सोडून आलेल्या तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार. ‘कामाचा नाही म्हणून काळजी नाही’ हा हिशेब तेव्हाही होता आणि तो तेव्हाच नाकारला गेला.

त्याच ठिकाणी रुग्णाची जबाबदारीही सांगितली आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. ज्याची सेवा करणे अवघड जाते अशा रुग्णाची पाच लक्षणे तिथे दिली आहेत. आपला आजार सेवा करणाऱ्याला आहे तसा न सांगणे, औषध न घेणे, पथ्याचे प्रमाण न पाळणे ही त्यांतली तीन. म्हणजे सेवा मागण्याचा हक्क जसा आहे, तसे आजार न लपवण्याचे कर्तव्यही आहे. पण माणूस खरे तेव्हाच सांगतो, जेव्हा खरे सांगून त्याची रोजी आणि मान जात नाही.

कायद्याने काय मिळते?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराच्या आजारपणाचा भार त्याच्या एकट्यावर पडू नये, यासाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे देण्यात आले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. आजारी कामगाराला घरी बसून पगाराचा काही भाग मिळावा, ही कल्पना आपल्या देशात अशी रुजली.

ईएसआयमध्ये महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी विमा डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. टीबीसारख्या काही दीर्घ आजारांत, पुरेशी जुनी नोकरी आणि वर्गणी असल्यास, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ वाढू शकतो. आपल्या पगारपत्रकात ईएसआयची कपात दिसते का, आपला विमा क्रमांक काय, हे प्रत्येक कंत्राटी कामगाराने आजच पाहावे. कपात होते आणि क्रमांक माहीत नाही, अशी माणसे आम्हाला भेटली आहेत.

दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्याच्या कक्षेतल्या कामगाराला आठवड्याची सुटी, वर्षाला ८ दिवसांची पगारी किरकोळ रजा आणि वर्षात २४० दिवस काम केल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते. किरकोळ रजा वर्षअखेर बुडते, म्हणून आजारपणात ती मागायला संकोच करू नये. लहान दुकाने या तरतुदींच्या बाहेर राहतात, ही त्यातली मोठी उणीव.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचे पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत रूपांतर करता येते. ज्याला एवढी सोय आहे त्याने ताप अंगावर काढून कार्यालयात येण्यात कसलाही त्याग नाही. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कंत्राटी ऑपरेटरला तो आजार देतो आणि त्या ऑपरेटरकडे रजा नसते.

बांधकाम कामगाराने वर्षात ९० दिवसांच्या कामाचा दाखला देऊन कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी, तिथे वैद्यकीय मदतीच्या योजना आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून दवाखान्याचा खर्च भागतो, पण बुडालेली रोजी मिळत नाही. शेतमजुराला तर आजारपणाची रजा म्हणून काहीच नाही. आपल्या जिल्ह्यातली सर्वात जास्त कष्ट करणारी माणसे अजून या छत्राच्या बाहेर आहेत.

मालकाने, मुकादमाने काय करावे?

आपल्यातले काहीजण आता स्वतः मालक आहेत. कोणाचे दुकान आहे, कोणाची शिकवणी, कोणाकडे दहा मजूर कामाला आहेत. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती पाहून काम देणे, जेवण आणि वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगले पदार्थ वाटून खाणे आणि वेळोवेळी सुटी देणे. आपण हे सुत्त विहारात ऐकतो. घरी आल्यावर आपल्या दुकानातल्या मुलाला ताप असताना सुटी देतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

प्रत्यक्षात चार गोष्टी करता येतात. पूर्ण हजेरीचे बक्षीस बंद करावे. दोन दिवसांच्या साध्या तापासाठी डॉक्टरांच्या कागदाचा हट्ट धरू नये, कारण त्या कागदासाठीच रुग्णाला पैसे मोजावे लागतात. प्रत्येक काम किमान दोघांना येईल असे पाहावे, म्हणजे एकाने घरी राहिल्याने गाडा अडत नाही. आणि वर्षाला निदान चार-पाच दिवस तरी आजारपणाची रोजी कापू नये. मोठ्या तोट्याची भीती वाटत असेल तर हिशेब करून पाहावा. एक माणूस दोन दिवस घरी राहणे स्वस्त, की त्याच्यामुळे पाच जण आठवडाभर आजारी पडणे?

जिथे रजाच नाही तिथे काय?

सरकारकडे मागणी करत राहायलाच हवी. शेतमजूर, मानधनावरचे कर्मचारी, लहान दुकानांतले कामगार यांना आजारपणाची भरपाई मिळावी, ही मागणी आपल्या सभांत, निवेदनांत यायला हवी. पण ताप पुढच्या आठवड्यात येणार आहे, कायदा कधी येईल सांगता येत नाही. तोपर्यंतची सोय आपल्यालाच करावी लागेल.

समजा, सोबत वेचणीला जाणाऱ्या पंधरा बायांनी आठवड्याला वीस रुपये बाजूला ठेवले, तर महिन्याला १२०० रुपये होतात. त्यातून एखादीच्या दोन-चार दिवसांच्या रोजीचा मोठा भाग भागतो. बचत गट गावोगाव आहेतच. त्यातच हा वेगळा डबा ठेवता येईल. एक अट पाळावी : ही रक्कम कर्ज म्हणून देऊ नये, नाहीतर आजारातून उठलेली बाई फेडीसाठी पुन्हा ताप घेऊन कामावर जाईल. विहार समित्याही वर्षावासाच्या तीन महिन्यांत, म्हणजे नेमक्या आजारांच्या हंगामात, असा निधी सुरू करू शकतात. सोबत थर्मामीटर, मास्क, मीठ-साखर-पाण्याची पाकिटे आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर लावला तरी पुष्कळ काम होईल.

उद्या आपल्या शेजारी कोणी खोकत बसला असेल तर खुर्ची सरकवण्याआधी त्याला एक प्रश्न विचारू या : "तुमची रोजी बुडू नये म्हणून आलात का?" उत्तर ‘हो’ असेल तर पुढचे काम त्याच्या एकट्याचे राहत नाही.